एक गाठ लाल, दोन गाठी हिरव्या

रंगारीण गेली त्याला चार महिने झाले, तरी रंगारी अजून लडीचा दोरा ओठांतून ओढून बघायचा. दोऱ्याला गाठ नसायची. गाठ मारणारीच राहिली नव्हती. पण ओठांची सवय काही सुटत नव्हती.

गावात सगळे म्हणायचे, आपला रंगारी रंग जिभेनं पारखतो. त्याचा व्याही, म्हणजे पलीकडच्या गावचा विणकर, गिऱ्हाइकांना हे तिखटमीठ लावून सांगायचा. "डोळ्यानं कुणीही बघेल हो, आमचा माणूस चाखून सांगतो!" गिऱ्हाईक खूश व्हायचं, रंगारी खाली मान घालून हसायचा आणि रंगारीण तोंडावर हात धरून आत पळायची.

खरी गोष्ट एवढीच होती की रंगाऱ्याला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नसे. निळा दिसे, पिवळा दिसे. पण लाल हंड्यातली लोकर आणि हिरव्या हंड्यातली लोकर वाळून शेजारी शेजारी टांगली की त्याला दोन्ही सारख्याच, पाणी आटलेल्या तळ्यातल्या चिखलाच्या रंगाच्या दिसत. बाप रंगारी, आजा रंगारी, आणि त्या घरात हे डोळे घेऊन हा जन्माला आला. बापाच्या हाताखाली कसंबसं निभावलं. लग्न होऊन पंधरा दिवस झाले आणि एका सकाळी त्यानं नव्या बायकोला सांगितलं, हिरव्या लडी वाळत घाल, आणि स्वतःच्या हातानं लाल लडींची टोपली उचलून दिली. तिनं लडी घेतल्या, घातल्या. दुसऱ्या दिवशी लोकर पांढरी असतानाच, लडी सुटू नये म्हणून जो बारीक दोरा बांधतात त्याला तिनं गाठी मारून ठेवल्या होत्या. एक गाठ लाल, दोन गाठी हिरव्या. "अहो, मोजून टाका हंड्यात," एवढंच म्हणाली. रंगाऱ्याची बोटं तेव्हाच तुरटीनं आणि कढत पाण्यानं बधिर व्हायला लागली होती. गाठ बोटाला लागायची नाही, म्हणून तो दोरा ओठांतून ओढायचा. गावानं त्याचं चाखणं केलं.

अडतीस वर्षं ही मूठ झाकलेली राहिली. आता उघडायलाही कुणी नव्हतं आणि झाकायलाही. उन्हाळाभर त्यानं निळ्या-पिवळ्याची फुटकळ कामं केली आणि लाल-हिरव्याचं काम आलं की पाठ दुखते म्हणून सांगितलं. स्वतः गाठी मारून बघितल्या, पण बोटांत दोरा राहीना. एक गाठ मारायला अर्धी सकाळ जायची आणि ती हंड्यात पडल्या पडल्या सुटायची. थंडीआधी विणकराची मोठी खेप यायची होती, सगळी लाल आणि हिरवी. त्या विचारानं त्याला जेवण जात नसे.

पोरगी एकच, त्याच विणकराच्या घरात दिलेली, दीड तासाच्या चालीवर. पण तीन वर्षांत तिनं बापाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. तिचा मुलगा शाळेत जायला लागला आणि झाडाचं खोड हिरवं, पानं तपकिरी काढायला लागला. मास्तरांनी वही घरी पाठवली. विहीणबाईंनी वही बघितली आणि निकाल देऊन टाकला. "सातव्या महिन्यापर्यंत माहेरच्या भट्टीवर ढवळत बसली होती. वाफेनं पोटातल्या जिवाचे डोळे शिजले, दुसरं काय!" पोरीनंही ते मानलं. आईला हंगामात मदत करायला ती खरंच गेली होती, आणि खरंच वाफ घेतली होती. आपणच आपल्या लेकराचे डोळे घालवले, हे एकदा डोक्यात बसलं की ते कोण काढणार? आई गेली तेव्हा ती आली, ती अंगणातच उभी राहिली, नाकाला फडकं लावून. मुलाला तर आणलंच नाही. आईला उचललं तशी निघून गेली. बापाशी चार वाक्यं बोलली असेल नसेल.

या सगळ्यात रंगाऱ्याला खुपणारं असं एक कुसळ होतं. दोन वर्षांपूर्वी पोरगी कुंपणाशी येऊन आईच्या गळ्यात पडून रडून गेली, त्या दिवशी रंगारीण भाकरी थापता थापता म्हणाली होती, "पोरीला सांगू का तुमचं? तिला निदान वाटेल की ती एकटीच नाही." आणि तो म्हणाला होता, "सांगून काय होणार? माझी आईही या भट्टीवरच होती. मलाही वाफेनंच खाल्लं असणार. पोरीचं दुःख कमी होणार नाही आणि व्याह्याला कळलं की चूल विझेल." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, आणि आता काढणार नव्हती.

*

शाळेवर नव्या बाई आल्या होत्या, विज्ञान शिकवायच्या. शाळेच्या मागच्या खोलीत एकट्या राहायच्या. एका दुपारी त्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"काका, मला लोकरीचे तुकडे रंगवून हवेत. चार रंगांचे. मुलांना शिडी करून दाखवायचीय."

"लोकरीची शिडी? चढणार कोण?"

बाई हसल्या आणि ओट्यावर टेकल्या. "शरीरातली शिडी. आपलं अंग म्हणजे बारीक बारीक पेशी. प्रत्येक पेशीत ही शिडी असते, पीळ घातलेल्या दोरासारखी. डीएनए म्हणतात तिला. नाक कसं, केस कसे, उंची किती, हे सगळं तिच्या पायऱ्यांवर लिहिलेलं असतं. आईकडून निम्मं, वडिलांकडून निम्मं."

"लिहितं कोण?"

"तेच मुलं विचारणार, बघा." बाईंनी पिशवीतून कागद काढला. "पायरीचे दोन अर्धे असतात. एकूण चार प्रकार, आणि प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला. लालसमोर हिरवाच, पिवळ्यासमोर निळाच. दुसरं जमतच नाही. मला वीस जोड्या लाल-हिरव्याच्या आणि वीस पिवळ्या-निळ्याच्या हव्यात. जोड्या तुम्हीच पिळून द्या. वर्गात साठ मुलं आणि मी एकटी. जोड्या तयार मिळाल्या तर शिडी तासाभरात उभी राहील."

नाही म्हणायला हवं होतं. पाठ दुखते म्हणायला हवं होतं. पण गेल्या चार दिवसांत त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. बाई ओट्यावर बसल्या होत्या, रंगारीण बसायची तिथेच, आणि चहा घ्याल का विचारल्यावर हो म्हणाल्या होत्या.

"शनिवारी घेऊन जा," तो म्हणाला.

*

काम करताना तो चुकत नसे. त्या बाबतीत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. रात्रभर तुरटीच्या पाण्यात भिजलेली लोकर त्यानं सकाळी पिळून काढली. लाल मुळ्या कुटून हंड्यात टाकल्या आणि कोपर बुडवून आच बघितली. उकळी येऊ द्यायची नाही, उकळीनं लाल रंग मरतो. हे त्याला डोळ्यानं कधी दिसलं नव्हतं, बापानं कोपराला शिकवलं होतं. शेजारच्या हंड्यात कांद्याच्या टरफलांचा पिवळा, त्यातून काढून निळीच्या पिंपात तीन बुड्या, की झाला हिरवा. पाठीचा कणा कुरकुरत होता. वाफ तोंडावर येत होती. दोन्ही हंड्यांच्या मधे रंगारणीचा पाट तसाच पडून होता, त्याला वळसा घालून तो जात-येत राहिला.

त्यानं युक्ती केली होती. डाव्या दोरीवर लाल, उजव्या दोरीवर हिरव्या. गाठींची गरजच नको. टांगून झाल्यावर तो सरपणाला गेला, आणि मोळी डोक्यावर घेऊन परतत होता तेव्हा आभाळ भरून आलं. टपोरे थेंब पडायला लागले. तो धावला. या वयात मोळीसकट जेवढं धावता येईल तेवढं धावला.

अंगणात दोन्ही दोऱ्या रिकाम्या होत्या. शेजारची शेळीवाली दारात उभी होती, टोपली काखेत.

"भाऊजी, थोडक्यात वाचलं बघा तुमचं काम! सगळं गोळा केलं मी. एक तुकडा भिजू दिला नाही."

टोपलीत चाळीस तुकडे एकमेकांत गुरफटून पडले होते.

"फार उपकार झाले," रंगारी म्हणाला. मग म्हणाला, "वहिनी, जरा बसता का? लाल तेवढे बाजूला काढून द्या. माझी पाठ धरलीय."

"बसल्या बसल्या तर करायचंय, त्याला पाठ कशाला लागते?" शेळीवाली हसली. "आणि तुमच्यातलं मला काय कळतंय. माझ्या शेळ्या भिजतायत तिकडे." टोपली त्याच्या हातात देऊन ती गेली.

तो दार लावून जमिनीवर बसला. एकेक तुकडा उजेडाकडे धरला. चिखल. दुसरा धरला. चिखल. नाकाला लावून बघितला. निळीचा वास उग्र असतो, पण सगळेच एका टोपलीत दबून सगळ्यांनाच तो लागला होता. मग जीभ लावली. अडतीस वर्षं गाव जे म्हणत होतं ते त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा खरंच केलं. तुरटीची तुरट चव तेवढी आली, दोन्हींना सारखीच. गाल आत ओढले गेले. भिंतीवर रंगारणीची जुनी शाल खुंटीला होती. तिचा रंग कोणता हेही त्याला नक्की माहीत नव्हतं, तिला कधी विचारलंच नव्हतं. शेवटी मनाशी काहीतरी ठरवून त्यानं वीस जोड्या पिळल्या. शनिवारी बाई घेऊन गेल्या.

*

मंगळवारी शाळा सुटल्यावर बाई परत आल्या. टोपली ओट्यावर ठेवली.

"पिवळ्या-निळ्या वीसच्या वीस बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "लाल-हिरव्यांत दहा बरोबर आणि दहा चूक. पाच लाल-लाल, पाच हिरव्या-हिरव्या."

"पाऊस आला होता. शेजारणीनं सगळं एकत्र केलं." त्याचा आवाज चढला. "म्हातारा माणूस, एकटा. होते गडबड. दुसऱ्या करून देतो, झालं?"

"मी भांडायला नाही आले, काका." बाईंनी आवाज खाली आणला. "गडबडीत एखाद-दुसरी चुकते. बरोबर निम्म्या चुकतात तेव्हा माणूस न बघता जोड्या लावत असतो. तुम्हाला लाल-हिरवा दिसत नाही ना?"

रंगाऱ्यानं आधी दाराकडे बघितलं, मग कुंपणाकडे. शेळीवाली लांब होती. मग तो ओट्यावर बसला.

"वाफेनं गेलेत," तो म्हणाला. "जन्माच्या आधीच. आई भट्टीवर असायची. माझ्या नातवाचेही तसेच गेले. पोरगी इथंच होती तेव्हा."

"नातू? मुलीचा मुलगा?" बाई एकदम सरसावून बसल्या. "तुमच्या वडिलांना दिसायचं?"

"बापाला? बाप लाल रंगाच्या सात छटा सांगायचा."

"आणि आईच्या माहेरी कुणाला?"

तो नाही म्हणणार होता. पण मधेच थांबला. त्याला मामा आठवला. वर डोंगरात मेंढ्या राखायचा. भाचरांना फळं तोडून द्यायचा ती निम्मी कच्ची असायची, आणि आई हसून म्हणायची, माझ्या भावाला पिकलेलं कधी कळलंच नाही. मामानं जन्मात रंगाची भट्टी बघितली नव्हती.

"होता एक," तो म्हणाला.

बाईंनी टोपलीतून तुकडे उचलले, निळे आणि पिवळे. त्याला दिसतील असे, हे त्याच्या लक्षात आलं. "ती शिडी असते ना, तिची गुंडाळी करून पेशीत गुणसूत्रं ठेवलेली असतात. त्यांतल्या एकाचं नाव एक्स. रंग ओळखायची कृती, म्हणजे जनुक, या एक्सवर लिहिलेली असते. बाईला दोन एक्स असतात." त्यांनी दोन तुकडे शेजारी ठेवले, एक निळा, एक पिवळा. "समजा पिवळ्यात कृती चुकीची लिहिलीय. पण निळ्यात बरोबर आहे, तो सांभाळून घेतो. म्हणून तुमच्या आईला सगळे रंग दिसत होते. पुरुषाला एक्स एकच, तो आईकडून आलेला. वडिलांकडून येतो वाय, त्याच्यावर ही कृतीच नसते. तुमच्या वाट्याला आईचा हा पिवळा आला. सांभाळून घेणारा दुसरा नाही."

रंगारी पिवळ्या तुकड्याकडे बघत राहिला. "म्हणजे धंदा बापाकडून आला आणि डोळे आईकडून."

"हो."

"आणि माझ्या पोरीला?"

"तुमच्याकडे एक्स एकच. मुलीला द्यायचा म्हणजे तोच. ती तुमचा पिवळा घेऊनच जन्माला आली, तिच्या आईचा निळा तिला सांभाळतो. तिच्या मुलाला दोन्हींपैकी एक मिळणार. त्याला कुठला मिळाला ते तुम्ही सांगितलंतच."

"आणि वाफ?"

"वाफेचा काही संबंध नाही, काका. ती भट्टीपासून शंभर कोस लांब राहिली असती तरी हेच झालं असतं."

मग रंगारी म्हणाला, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. आड मी, आणि तीन वर्षं पोहऱ्याला बोलणी खायला लावली."

"मी कुणाला सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "पण दहा चुकीच्या जोड्या मी तशाच ठेवणार आहे. एखादं अक्षर चुकलं की काय होतं, ते मुलांना दाखवायला."

*

सुट्टीच्या दिवशी तो सकाळीच निघाला. वाटेत दोनदा थांबला, एकदा मागेही वळला. पोरीला एकटीला गाठून कानात सांगता आलं असतं. पण एकटी पोरगी ते ऐकून काय करणार? बोल लावणाऱ्यांच्या समोर सांगितलं तरच तिच्या डोक्यावरचं ओझं उतरणार, आणि बोल लावणारी विहीण ही विणकराची बायको. विणकराचं काम गेलं की हंडे पालथे घालायचे. हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याला नाही दिसायचे ते दोन रंग तेवढे, बाकी सगळं दिसायचं.

मागांच्या पडवीत विणकर ताणा लावत होता आणि दोन कामगार माग चालवत होते. विहीणबाई कांडी भरत होत्या. पोरगी कोपऱ्यात गुंता सोडवत होती. बापाला बघून उठली, पण पुढे आली नाही. तिचा नवरा लोकर घेऊन बाजाराला गेला होता.

"या, व्याही! खेप उद्याच पाठवणार होतो," विणकर म्हणाला.

"खेपेआधी थोडं बोलायचंय." रंगारी उभाच राहिला. बसला असता तर बोलणं जमलं नसतं. "पोराचे डोळे वाफेनं गेले नाहीत. ते माझे डोळे आहेत. मलाही लाल-हिरवा दिसत नाही. जन्मापासून. माझ्या मामालाही दिसत नव्हता, आणि त्यानं भट्टी कधी बघितली नव्हती. हे रक्तातून येतं, माझ्याकडून पोरीला, पोरीकडून पोराला. तिचं काही चुकलं नाही."

मागांची खटखट थांबली.

"काहीतरीच!" विहीणबाई म्हणाल्या. "लेकीला वाचवायला बाप काय वाटेल ते बोलेल."

विणकर मात्र हसला नाही. त्यानं शेजारची रिकामी टोपली घेतली, तीत मूठ मूठ लाल आणि हिरव्या लडी टाकल्या आणि ती रंगाऱ्यासमोर सरकवली. "वेगळ्या करा."

रंगारी गुडघे धरून खाली बसला. कामगार माग सोडून बघायला आले. त्यानं एक उजवीकडे ठेवली, एक डावीकडे, एक पुन्हा उजवीकडे. एक कामगार फिसकन हसला आणि दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. चाळीस वर्षं ज्या घरानं त्याला पाट दिला, त्या घरात तो जमिनीवर लडी चाचपत होता. दाराशी नातू येऊन उभा राहिला. थोडा वेळ बघत राहिला, आणि मग आजोबांच्या शेजारी मांडी घालून बसला.

"आजोबा, ती गडद आहे ना, ती या बाजूला ठेवा," तो म्हणाला. त्यानंही लडी उचलायला सुरुवात केली. गडद एका बाजूला, फिकट एका बाजूला. आजोबांच्या हातातली लडी कुठे जाणार हे त्याला आधीच कळत होतं. दोघांचे हात एकमेकांना अडत नव्हते. टोपली रिकामी झाली. दोन ढीग झाले, नीट रचलेले, आणि दोन्हींत लाल-हिरवं सारखंच मिसळलेलं.

"आई, बघ!" पोरगं ओरडलं. "आजोबांना पण माझ्यासारखंच दिसतं!"

त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की विहीणबाईंनी हातातली कांडी खाली ठेवली. त्यांना गप्प बसलेलं त्या घरानं क्वचितच बघितलं होतं.

"मग इतकी वर्षं?" विणकरानं विचारलं.

"पोरीची आई पांढऱ्या लडीला गाठी मारायची. एक गाठ लाल, दोन गाठी हिरव्या. मी ओठांनी मोजायचो."

"म्हणजे चाखणं नव्हतंच ते," विणकर म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "अन् मी गिऱ्हाइकांना सांगत सुटलोय." तो उठला. "या हंगामाचं लाल-हिरवं शहरातून रंगवून आणतो, व्याही. वाईट वाटून घेऊ नका."

पोरगी कुंपणापर्यंत आली. तिथं तिनं विचारलं, "आईला माहीत होतं?"

"हो."

"माझ्यासमोर ती रडली, पण बोलली नाही."

"ती सांगणार होती. मी अडवलं. धंद्यासाठी."

ती बापाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते राग आल्यावर येतं तसलं होतं. "तीन वर्षं बाबा," ती म्हणाली. "आई जाताना मी आतसुद्धा आले नाही." आणि वळून आत गेली.

*

पुढचे पाच आठवडे रंगारी हंडे घासत बसला. घासून झालेले हंडे पुन्हा घासले. शेळीवालीला सगळं कळलं होतं, ती कुंपणावरून म्हणायची, "भाऊजी, तुम्ही सरळ सांगितलं असतं तर शेळ्या भिजल्या असत्या तरी चाललं असतं मला." गावातली पोरं त्याला वाटेत थांबवून पानं दाखवायची आणि रंग विचारायची. तो उत्तर द्यायचा, मग पोरं हसायची. शाळेच्या बाई एकदोनदा येऊन गेल्या. बाकी दिवस दिवस आवाज असा फक्त पिंपावरच्या झाकणाचा. पोरीला खरं कळलं, याचं त्याला समाधान होतं. पण त्या समाधानाशी बोलता येत नव्हतं. एके दिवशी त्यानं मधला पाट उचलून भिंतीला लावला, आणि संध्याकाळी परत होता तिथे ठेवला.

सहाव्या आठवड्यात सकाळी विणकराची गाडी आली. गाडीवानानं चार गठ्ठे उतरवले. पांढरी लोकर.

"मालक म्हणाले, शहरातल्या लालनं पहिल्याच धुण्यात हात टेकले. सतरंज्या परत आल्या," तो म्हणाला. "म्हणाले, दिसत नसलं तरी पक्का रंग व्याह्याचाच."

"मालकांना सांग, मला निळा-पिवळा पाठवा. याचं मी काय करणार?" रंगारी म्हणाला. "कुठली लडी कुठल्या हंड्यात—"

"ते सूनबाईंनी बघितलंय. चार दिवस बसून होत्या." गाडीवानानं जोखड सारखं केलं. "आणि म्हणाल्या, सांगा, माझा राग अजून गेलेला नाही. लडी हंड्यातून काढायच्या दिवशी मी येते, पोराला घेऊन. भट्टीजवळ बसायला दोन पाट ठेवा."

गाडी गेली. रंगाऱ्यानं गठ्ठा सोडला. वरची लडी उचलली, दोरा शोधला आणि ओठांतून ओढला. एक गाठ. घट्ट, डाव्या हाताची, तिच्या आईसारखी. त्यानं ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. दोन गाठी. तो खाली बसला आणि दोरा ओठांत तसाच धरून रडला. मग उठून त्यानं लाल मुळ्या कुटायला घेतल्या, आणि कुटून झाल्यावर शेळीवालीकडे एक पाट मागायला गेला.